आप्पाकाका, तो दोर खाली ठेवा

गेल्या आठवड्यात गुहागरहून आप्पाकाकांचा फोन आला. "अगो, वाचलंस का मी पाठवलेलं? फांदी उतरवायचं सगळं शास्त्र दिलंय त्यात. दोर काढून ठेवलाय मी. परसातल्या फणसाची ती फांदी रविवारी उतरवून टाकतो. मिरग जवळ आला, आणखी थांबलो तर पहिल्याच वाऱ्याला कौलांवर येईल."

ते 'शास्त्र' त्याआधी मला तीन ग्रुपांवर येऊन गेलं होतं. एकदा हसले, दोनदा न वाचता पुढे गेले. आता 71 वर्षांचा माझा काका त्याच्या भरवशावर फणसाखाली उभा राहणार म्हटल्यावर बसून नीट वाचलं आणि डोकं फिरलं.

मजकुराचं नाव: 'फांदी सुरक्षित उतरवण्यासाठी दोर कसा निवडाल? 30 वर्षांच्या अनुभवाचे 9 मंत्र'. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. मंत्र थोडक्यात असे. (1) जेवढा दोर जाड तेवढा मजबूत, अंगठ्याएवढा असला की काहीही पेलतो. (2) दोर 2 टनांचा असेल तर 2 टनांपर्यंतची फांदी बिनधास्त उतरवा. (3) ट्रेकिंगचा दोर सर्वोत्तम; पडणारा माणूस झेलतो तो फांदी झेलणारच. (4) वर कप्पी लावा, वजन निम्मं होतं. (5) खालच्या माणसाने दोर कमरेला बांधावा किंवा हाताला दोन वेढे द्यावेत, म्हणजे फांदी सुटत नाही. (6) मासेमारी बोटीचा जुना दोर घ्या, समुद्राचं पाणी प्यायलेला दोर पक्का होतो. (7) निळा, पिवळा, हिरवा, रंग कुठलाही असो, नायलॉन तो नायलॉन. (8) एका गाठीवर विसंबू नका, तीन-चार मारा. (9) नायलॉनला करंट लागत नाही, त्यामुळे विजेच्या तारांजवळ दोर निर्धास्त वापरा.

मी पुण्यात झाडं उतरवणाऱ्या एका टोळीबरोबर 11 वर्षं काम करते. वर चढणारी माणसं वेगळी. मी खाली असते, दोराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून क्रमाने न जाता आधी पाचव्या मंत्राकडे वळते, कारण तो माझ्या जागी उभ्या असलेल्या माणसाला मारायला निघालाय.

'दोर कमरेला बांधला की फांदी सुटत नाही.' खरंय, सुटत नाही. माणूसही सुटत नाही. काका, तुमचं वजन असेल 62-63 किलो. फणसाच्या ज्या फांदीबद्दल तुम्ही बोलताय तिचा बुंध्याजवळचा एकेक तुकडा तुमच्या दुप्पट भरेल. दोर वरून कप्पीतून आलाय, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तुम्ही. किराणा दुकानातला तराजू आठवा. ती खाली, तुम्ही वर, आणि वर जाताना आधी खोडावर आपटणार.

हाताला वेढे देण्याचं तर विचारूच नका. विहिरीवर पाणी शेंदताना आपण सगळेच दोर मनगटाला घेतो, तीच सवय. माझ्या पहिल्याच वर्षी आमच्यातल्या एका पोराने असाच दोर हाताला गुंडाळला होता. फांदी लहानशी, फार तर 40 किलोची. कापली, गेली, दोर सरकला आणि वेढा आवळला. त्याला चार पावलं फरफटत खोडापर्यंत नेलं. तळव्याची साल निघाली, दोन बोटं मोडली. हात मोकळा असता तर दोर सोडून बाजूला झाला असता आणि फांदी फक्त जमिनीवर पडली असती. त्या दिवसापासून आमच्याकडे दोर धरणाऱ्याच्या हाताला वेढा दिसला की वरचा माणूस करवत चालूच करत नाही.

वेढे द्यायचे ते हाताला नव्हे, खोडाला. हे दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर तुम्ही किती वेळा पाहिलंय! एवढी मोठी ती बोट एक खलाशी एका हाताने धक्क्याला लावतो. दोर खुंट्याला दोन वेढे देतो, शेपूट हातात धरतो आणि दुसऱ्या हाताने विडी ओढतो. त्याच्या दंडात बळ नाही, वेढ्यात आहे. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने 18व्या शतकातच याचा हिशोब मांडून ठेवलाय: प्रत्येक वेढ्यागणिक धरायला लागणारा जोर बेरजेने नाही, गुणाकाराने कमी होतो. दोर आणि साल यांच्यातलं घर्षण बेताचं, 0.3 धरलं, तरी एका पूर्ण वेढ्याला जोर साडेसहा पटीने उतरतो, दोन वेढ्यांना 43 पटीने. म्हणजे 125 किलोचा तुकडा टांगता धरायला एका वेढ्याला साधारण 19 किलोचा ओढा लागतो आणि दोन वेढ्यांना 3 किलोचा. तीन किलो, काका. चक्कीवरून आणलेली पिठाची पिशवी. तीन वेढे मात्र उगाच देऊ नयेत, दोर अडकून बसतो आणि फांदी अर्ध्यात लोंबकळत राहते. झाड ठेवायचं असेल तर सालीवर घासायला नको म्हणून आम्ही खोडाला पट्ट्याने एक लोखंडी नळकांडं बांधतो आणि वेढे त्याला देतो. तत्त्व तेच.

आता चौथा. कप्पीचा. हा वाचून मला शाळेतले विज्ञानाचे सर आठवले, ते आज असते तर फोन फेकून मारला असता त्यांनी. एका जागी टांगलेली कप्पी वजन निम्मं करत नाही. अजिबात नाही. ती फक्त दिशा बदलते, वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता येतं एवढंच. विहिरीच्या रहाटाला घागर हलकी लागते का? वजन निम्मं करते ती सरकती कप्पी, जी ओझ्याबरोबर वर-खाली होते. ती इथे नाहीच.

उलट कप्पीच्या जागेवर वजन दुप्पट होतं. एका बाजूला फांदी दोराला खाली ओढते, दुसऱ्या बाजूला ती अडवणारे वेढे तितकंच खाली ओढतात, आणि दोन्ही ओढे कप्पी ज्या पट्ट्याने बांधली त्या पट्ट्यावर आणि त्या खोडावर येतात. म्हणून आमच्याकडे दोरापेक्षा कप्पी आणि तिचा पट्टा जास्त ताकदीचा असतो. फॉरवर्ड वाचणारा काय करेल? वजन निम्मं होणार म्हणून कप्पी घरातली एखादी गंजकी घेईल आणि ती सुतळीने बांधेल. सगळ्यात कच्चा दुवा नेमका सगळ्यात जास्त ताणाच्या जागी. त्याहून वाईट म्हणजे कप्पी ज्या खोडाला आहे त्याच खोडाला वर कापणारा माणूस स्वतःच्या पट्ट्याने बांधलेला असतो.

हे 'दुप्पट' किती होतं ते कळायला दुसरा मंत्र घ्यावा लागेल: 2 टनांचा दोर, 2 टनांची फांदी. हिशोब मोठ्याने करते, काका, तुम्ही पोस्टात नोकरी केलीत, आकड्यांना तुम्ही भीत नाही.

ओलं लाकूड घनमीटरला साधारण 800 ते 1000 किलो भरतं. 30 सेंटीमीटर जाडीचा, 2 मीटर लांबीचा तुकडा म्हणजे 0.14 घनमीटर. मधला आकडा धरून 125 किलो. बघायला काहीच नाही तो, अंगणात पडला तर पोरं त्यावर बसतात. आता शेंड्याकडचं सगळं काढून झालंय, वर फांद्या उरल्या नाहीत, म्हणून कप्पी कापाच्या खाली बांधावी लागली. तुकडा कापला की तो कप्पीच्या वरून कप्पीच्या खाली येतो. समजा 2 मीटर पडला. मग दोर ताणला गेला आणि अर्ध्या मीटरमध्ये त्याने तुकडा थांबवला. म्हणजे एकूण अडीच मीटर आलेलं 125 किलो वजन अर्ध्या मीटरात थांबवायचं: 125 गुणिले 2.5 भागिले 0.5, सरासरी 625 किलोचा ओढा. पण दोर सुरुवातीला सैल असतो आणि शेवटी सगळ्यात ताठ, त्यामुळे शेवटचा झटका सरासरीच्या दुप्पट, 1250 किलो. तुकड्याच्या वजनाच्या दहापट. आणि कप्पीच्या पट्ट्यावर त्याच्या दुप्पट, अडीच हजार.

हा ढोबळ हिशोब आहे. झाड थोडं वाकतं, कप्पीत घर्षण असतं, प्रत्यक्षात आकडा खाली येतो. दोर कमी ताणणारा असेल तर वरही जातो. पण मुद्दा तोच राहतो. 125 किलोच्या तुकड्याने 2 टनांच्या दोराला घाम फोडलाय, आणि हा महाभाग 2 टनांची फांदी 'बिनधास्त' उतरवायला सांगतोय.

आता त्याच तुकड्याला खालच्या माणसाने वेढ्यांतून दोर सोडत सोडत थांबवलं असतं तर? दोन मीटर पडला, पुढचे दोन मीटर दोर सरकू दिला आणि हळूहळू आवळला. 125 गुणिले 4 भागिले 2, फक्त 250 किलो. तोच दोर, तोच ओंडका, झटका पाचव्या हिश्श्यावर. आणि कप्पी वरच्या फांदीला बांधता आली, दोरात ढील ठेवली नाही, तर पडणं जवळजवळ नाहीच. तरी लक्षात ठेवा, अचानक सुटलेलं वजन शून्य अंतर पडलं तरी क्षणभर दुप्पट भरतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने आणि तिथल्या वनखात्याने 2008 साली नेमक्या याच विषयावर, म्हणजे झाड तुकड्यातुकड्याने दोरावर उतरवण्याच्या पद्धतींवर, एक जाडजूड अहवाल काढलाय. आरआर 668 हा त्याचा क्रमांक. फुकट आहे, इंग्रजीत आहे, रुक्ष आहे. आमच्या टोळीत नवीन येणाऱ्याला त्यातली झटक्याची प्रकरणं समजावल्याशिवाय मी दोराला हात लावू देत नाही. तुकडा किती वजनाचा यापेक्षा तो किती पडतो, त्याला झेलायला किती लांब दोर मोकळा आहे आणि खालचा माणूस दोर सोडतो की अडवतो, यावर सगळं ठरतं. नऊ मंत्रांत 'पडणं' हा शब्द एकदाच येतो, तोही माणसाच्या संदर्भात. दोर सोडण्याबद्दल एक अक्षर नाही.

'2 टन' म्हणजे काय, तेही सांगून टाकते. तो तुटण्याचा आकडा. नवा, कोरडा, सरळ, बिनगाठीचा दोर यंत्रावर सावकाश ओढला की जिथे तुटतो तो. अमेरिकेतली दोर बनवणाऱ्यांची संघटना, कॉर्डेज इन्स्टिट्यूट, सांगते की कामाचं वजन या आकड्याच्या पाचव्या ते बाराव्या हिश्श्यात ठेवावं. झाडकामात झटके असतात म्हणून दहावा हिस्सा धरायची रीत आहे. म्हणजे 2 टनांच्या दोरावर 200 किलोचा ओढा. ओढा म्हटलं मी, फांदीचं वजन नव्हे. त्यातून पुण्याच्या बोहरी आळीत दोर किलोवर मिळतो. ताकद विचारली तर दुकानदार बिंड्यावर थाप मारतो आणि "एकदम हेवी आहे ताई" म्हणतो. हा झाला आकडा.

आता तिसरा मंत्र, ज्याच्यामुळे काकांनी खरं म्हणजे दोर 'काढून ठेवला'. कुठून काढला? नातवाच्या सॅकमधून. तो दर पावसाळ्यानंतर सह्याद्रीत सुळके चढतो, उन्हाळ्यात सामान गुहागरला ठेवून जातो. साडेदहा मिलिमीटरचा, नारंगी, झकास दोर. आणि काकांनी, मला फोन करायच्या आधीच, 'ट्रायल' म्हणून त्यावर फणसाची एक छोटी फांदी उतरवूनही पाहिली. "मस्त झेलली गो. रबरासारखा ताणतो."

इथे मला दात-ओठ खात एक गोष्ट मान्य करावी लागते. ताणणारा दोर झटका कमी करतो, हे खरं आहे. वरचाच हिशोब बघा, अर्ध्या मीटरऐवजी दीड मीटरात थांबवला तर आकडा निम्म्याच्याही खाली येतो. चढाईचा दोर बनवलेलाच त्यासाठी असतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कुठेतरी हे अर्धवट ऐकलं असणार.

पण तो दोर कशासाठी बनवलाय ते त्याच्या टोकाच्या पट्टीवरच छापलेलं असतं. ईएन 892 हा युरोपीय मानक. त्याची चाचणी एकेरी दोरासाठी 80 किलो वजनाने घेतात, कारण तो माणसासाठी आहे. पहिल्या पडण्यात दोर 40 टक्क्यांपर्यंत लांबला तरी चालतो. सुळक्यावर पडलेला माणूस आणखी तीन मीटर खाली गेला तर हवेत लोंबकळतो, शिव्या देतो, परत चढतो. तुमच्या स्वयंपाकघराचं छप्पर फांदीखाली किती आहे, काका? दीड मीटर. दहा मीटर दोर 30 टक्के ताणला की तीन मीटर. फांदी दोराने झेलली, पण कौलांच्या आत, चुलीपाशी. वर परत उसळी मारताना कुठे जाईल ते देवाला माहीत.

फणसाचा चीक तर तुम्ही मला शिकवायला नको. हाताला खोबरेल लावल्याशिवाय तुम्ही गरे काढत नाही. तो चीक दोराच्या वेणीत शिरला, त्यावर भुसा आणि माती बसली, सालीने वरचं आवरण खरवडलं. आतला गाभा, ज्याच्यावर जीव असतो, तो बाहेरून दिसतच नाही. ऑक्टोबरात तो पोरगा सॅक उचलून जाईल आणि त्याच दोरावर 200 फुटांवर लोंबकळेल. त्याला कुणी सांगणार आहे का की मे महिन्यात आजोबांनी याच्यावर फणस झेलला होता? हा मजकूर तीन ग्रुपांवर फिरला, त्यात किमान एक ट्रेकर्सचा आहे. राग आला तो याचा.

आता बाकीचे, पटापट.

जाडी आणि नायलॉन, पहिला आणि सातवा, एकत्र घेते. बाजारात 'नायलॉन' म्हणून मिळणारा निळा-पिवळा दोर बहुतेक वेळा नायलॉन नसतो, पॉलिप्रोपिलीन किंवा तसलंच काही असतं. ओळखायची युक्ती साधी: तुकडा कापा, साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून हवा काढा आणि सोडा. तरंगला तर नायलॉन नाही. नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात. यात फरक काय? पॉलिप्रोपिलीन उन्हात सडतं, वर्षभर गोठ्यावर पडलेला दोर हातात घेतला की रंगीत भुकटी लागते ना, ती त्याची ताकद आहे, हातावर आलेली. शिवाय ते साधारण 165 अंशाला वितळतं, नायलॉन 220च्या आसपास, पॉलिस्टर 255च्या. वेढ्यांवरून जड फांदी भर्रकन सोडली की दोर तापतो, चकचकीत आणि टणक होतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काथ्याच्या सुंभाबद्दल. या दोराचा पीळ आधी वितळतो. उन्हाने सडलेला अंगठ्याएवढा जाड दोर पेन्सिलीएवढ्या चांगल्या पॉलिस्टरपुढेही कमी भरू शकतो. खरं नायलॉनही ओलं झालं की दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं, आणि आपल्याकडे ही कामं पहिल्या सरीनंतरच सुचतात.

बोटीचा जुना दोर. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो, आणि कोकणात 'समुद्राचं पाणी प्यायलेला' ही समजूत बहुधा तिथूनच आली असावी. पण टिकणं वेगळं, मजबूत होणं वेगळं. शिवाय बंदरावर आज मिळतो तो काथ्या नाहीच, प्लास्टिकचा आहे. त्याला मीठ काही पाजत नाही. ते पिळात शिरून सुकतं आणि त्याचे खडे आतून धागे कातरतात. वर पाच वर्षांचं ऊन. नाखव्याने तो फेकला तो काही दानधर्म म्हणून नाही.

आजोबा सुंभाने फांद्या उतरवायचे, हा काकांचा फोनवरचा पुढचा मुद्दा होता. उतरवायचे, मलाही आठवतं. लहान लहान तुकडे, दोर शेजारच्या माडाला वेढलेला, आणि सगळं अर्धा दिवस चालायचं. सुंभ खरबरीत, वेढ्यात चांगला धरतो. घाई नव्हती, हे त्यांचं खरं गुपित, आणि ते नऊ मंत्रांत नाही.

गाठी. प्रत्येक गाठीत दोर वाकतो आणि वाकतो तिथे कमजोर होतो. गाठीप्रमाणे 20 ते 40 टक्के ताकद जाते. चार गाठींनी चौपट भरवसा येत नाही. दोर त्यातल्या सगळ्यात वाईट गाठीएवढाच राहतो आणि फांदी खाली आल्यावर सोडवताना कोयता चालवावा लागतो. एक गाठ, नीट शिकलेली, शेपूट लांब ठेवलेली. आम्ही फांदीला सरकता फास घालून त्याच्या पुढे खोडाकडे आणखी एक अर्धा वेढा देतो, म्हणजे फास सरकून निसटत नाही. बास.

नववा. हा पटकन उरकते पण हसून सोडू नका. कोरडा, स्वच्छ, प्रयोगशाळेतला नायलॉन वीज नेत नाही. परसातला दोर ओला, मातीचा, मिठाच्या हवेतला असतो, आणि ओली फांदी तर नेतेच. तार जवळ असेल तर आधी महावितरणला कळवा, त्यांचा माणूस लाइन बंद करून 'झाली' म्हणेपर्यंत फांदीला हात नाही. फोनवर 'होईल आता बंद' म्हणणं म्हणजे बंद नव्हे.

मग कुठला दोर, हा काकांचा प्रश्न. ("एवढं ऐकवलंस, आता दोर तरी सांग.") सांगते, पण उलट्या क्रमाने.

आधी तुकडा ठरवा. दोघांना सहज उचलता येईल एवढाच, 40-50 किलो. मग ठरवा तो किती पडणार. वर बांधायला जागा असेल तर दोर आधी ताणून घ्या, म्हणजे पडणं हातभरावर येतं. मग खाली वेढे कशाला देणार ते. हे तिन्ही ठरलं की दोर आपोआप ठरतो: कमी ताणणारा, विणलेला, पॉलिस्टरचा, 12 ते 14 मिलिमीटर, ज्याचा तुटण्याचा आकडा बनवणाऱ्याने छापून दिलाय आणि तो कामाच्या ओढ्याच्या निदान दहापट आहे. हातात नीट बसतो, खोडावर पकड घेतो, पावसात फारसा बदलत नाही. लांबी झाडाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर वेढ्यांसाठी चार-पाच मीटर, नाहीतर फांदी जमिनीपासून दोन मीटरवर असताना हातातलं टोक संपतं. हेही मी पाहिलंय. चढणाऱ्याचा दोर वेगळा, फांदीचा वेगळा, रंगही वेगळा. एकाचं काम दुसऱ्याला कधीच नाही.

आणि दर वेळी कामाआधी पूर्ण दोर हातातून सरकवून बघायचा. कुठे टणक, कुठे मऊ, कुठे बारीक झाला, कुठे चकाकतोय. जिथे शंका आली तिथून कापायचा. 'दिसायला चांगला आहे' हे कारण नाही.

राहिली तुमची फांदी. बुंध्याशी फूटभर जाड, छपरावर तीन मीटर आलेली, खाली स्वयंपाकघर. ती कुठल्याही दोराने रविवारी एकट्याने उतरवायची फांदी नाही. चिपळूणला आमच्या ओळखीची टोळी आहे, मी बोललेय, पुढच्या बुधवारी येतील. तुम्ही खुर्ची टाकून लांब बसा आणि त्यांच्या चुका काढा.

नातवाला मी फोन केला. तो दोर आता चढाईला वापरायचा नाही, हे त्याने निमूट ऐकलं, पैसे किती गेले तेही सांगितलं. काका, त्या दोराचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा. अख्खा ठेवू नका, कुणीतरी पुन्हा सॅकमध्ये भरेल. तांबूच्या वासराला दाव्याला उत्तम होईल, उड्या फार मारतं म्हणत होतात ना.